पगार चांगला आहे, पण या नोकरीने तब्येत बिघडली आहे. सोडावी की अजून एक वर्ष काढावं? सोडताना काय सांभाळावं?

हे ‘एक वर्ष’ तुम्ही कुठून आणलंत? मीही तेच आणलं होतं. आधी बोनस होईपर्यंत, मग नवे साहेब येईपर्यंत, मग बढतीची यादी लागेपर्यंत. असं करत तीन वर्षं गेली.

सोडा. माझं उत्तर एवढंच. बाकीचं वाचायचं तर वाचा.

मी एका कंपनीच्या तक्रार विभागात होतो. लोकांचा आरडाओरडा ऐकायचा मी, पैसे परत द्यायचा अधिकार वरच्या मजल्यावर. दिवसाला साठ-सत्तर फोन आणि प्रत्येकाला तेच वाक्य, "तुमची तक्रार पुढे पाठवली आहे." पुढे म्हणजे कुठे, ते मलाही माहीत नव्हतं. नुसत्या बोज्यापेक्षा बोजा जास्त आणि हातात अधिकार कमी ही जोडी माणसाला पोखरते, असं कामाच्या ताणाचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ सालीच मांडलंय. मी ते वाचलं नोकरी सोडल्यावर. तोवर वाटायचं, आपणच हळवे.

पहिल्यांदा कळलं ते दातांच्या डॉक्टरीणबाईंना. दाढ दुखते म्हणून गेलो होतो. त्यांनी छोटा आरसा तोंडात फिरवला आणि विचारलं, "रात्री दात खाता का?" मी म्हटलं, छे. "घरी विचारा." घरी विचारलं तर बायको म्हणाली, "दोन वर्षं झाली. मला वाटलं तुला माहितीये." दाढांचे उंचवटे घासून सपाट झाले होते. झोपताना घालायला एक पारदर्शक पट्टी करून मिळाली, तिला चार महिन्यांत उजवीकडे भोक पडलं. दुसरी केली. मग बायकोच्या हट्टाने बारा दिवस रजा घेतली, फोन बंद ठेवला. बारा दिवस पट्टी जशीच्या तशी. कामावर परत जायच्या आदल्या रात्री मात्र तिच्यावर ओरखडे उठले. सकाळी ती नळाखाली धुताना बोटाला लागले.

तेव्हा आधी सलग रजा घ्या. रजेत बरं वाटलं आणि जायच्या आदल्या दिवशी पुन्हा सुरू झालं, तर दुखणं कुठलं ते कळलं. रजेतही बरं वाटलं नाही, तर राजीनाम्याआधी डॉक्टर गाठा.

आता दादा. राजीनाम्याचं बोललो तेव्हा तो म्हणाला, "साहेब सगळीकडे सारखेच. मी सव्वीस वर्षं काढली, मला काही झालं?" काय झालं ते वहिनीला विचारावं. बीपीची गोळी त्याला चाळिशीत लागली, ती तो वयाच्या खात्यात टाकतो. आठवड्याला साठ तास काम करायचा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली आकडे दिले : ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून जास्त तास करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त, हृदयविकाराने मरण्याचा १७ टक्के. मी ते दादाला पाठवलं. त्याने अंगठा पाठवला. पण ‘पळपुटा’ हा शब्द त्याने माझ्या मुलासमोर वापरला होता, तो काही मी विसरलेलो नाही.

दुसरी हातात आल्याशिवाय पहिली सोडू नये, हेही त्याचंच. ज्याला अजून धड मुलाखत देता येते त्याच्यासाठी ठीक आहे. मी त्या दिवसांत तीन दिल्या. तिसरीत "स्वतःबद्दल सांगा" म्हणाले आणि मला पाणी मागावं लागलं.

एक गोष्ट खरं तर आधीच सांगायला हवी होती. मी सोडली तेव्हा बायकोचा पगार चालू होता, आठ महिन्यांचा खर्च बाजूला होता आणि डोक्यावर कर्ज नव्हतं. दादाच्या सव्वीसातली पहिली सहा वर्षं माझी फी भरण्यात गेली. तुमच्यावर हप्ते असतील, कोणी अवलंबून असेल, तर माझं ‘सोडा’ जसंच्या तसं घेऊ नका. आधी महिन्याचा खर्च मांडा, किती महिने निघतील ते बघा आणि एक तारीख ठरवून कागदावर लिहा. विभाग बदलून मिळत असेल तर तोही मागा, पण लेखी. मी दोनदा तोंडी मागितला, दोन्ही वेळा हवेत गेला.

नोटीस किती दिवसांची ते नेमणूकपत्रात बघा. माझी दोन महिन्यांची होती. शेवटच्या दिवशी टेबलावरचं सामान न्यायला दादाच गाडी घेऊन आला. वाटेत एवढंच म्हणाला, "अनुभवाचा दाखला घेतलास ना?" घेतला होता. तुम्हीही त्याच दिवशी हातात घ्या, नंतर तिथलं कोणी फोन उचलत नाही.