भर कार्यक्रमात माझा कीबोर्ड बंद पडला आणि गाणे विस्कटले. आता पुन्हा बोलावणे येईल का?

तुम्ही लिहिले आहे की तुम्ही कोणत्याही एका वाद्यवृंदाशी बांधलेले नाही. परवाच्या कार्यक्रमात ऐन अंतऱ्यात कीबोर्ड बंद पडला, गायकाला साथीशिवाय कडवे पूर्ण करावे लागले आणि त्यानंतर आयोजकांचा फोन आलेला नाही. अशा वेळी मंचावर काय करायला हवे होते आणि आता काय बोलावे, हा तुमचा प्रश्न आहे. मीही गेली १४ वर्षे असाच बोलावणे येईल तिथे कीबोर्ड वाजवतो. ज्या चुकीची बोच मला अजून आहे, ती आधी सांगतो, कारण मला जे सुचवायचे आहे ते त्या एका संध्याकाळीच मी शिकलो.

एका वादकाची तब्येत बिघडल्यामुळे मला आदल्या रात्री बदली म्हणून बोलावले होते. गाण्यांची यादी मिळाली होती, पण तालीम झाली नव्हती. पहिल्या गायकाची पट्टी, म्हणजे गाण्याचा षड्ज, काळी एक (सप्तकातली पहिली काळी कळ) होती, म्हणून मी सगळ्या कळांचे सूर एकदम वर-खाली सरकवणारे ट्रान्स्पोजचे बटण एक घर वर नेले आणि बोटे मात्र सवयीच्या पांढरी एकवर ठेवून तीन गाणी वाजवली. चौथे गाणे गायिकेचे होते, तिची पट्टी पांढरी चार. तिने स्वतःच्या मनाने षड्ज धरून सुंदर आलाप घेतला आणि मी अगदी योग्य जागी, पुरेशा जोराने, पांढरी चारचा कॉर्ड दाबला. बटण मी शून्यावर आणलेच नव्हते, त्यामुळे स्पीकरमधून काळी तीन वाजली. मध्य सप्तकातली पांढरी चार सुमारे ३४९ हर्ट्झची आणि काळी तीन ३७० हर्ट्झची. हे दोन स्वर एकत्र वाजले की सेकंदाला वीसेक ठोक्यांचा जो खरखराट उठतो, तो सभागृहातल्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला.

खरे दुखणे पुढे आहे. गायिका थबकली. आपलाच सूर ढळला असे तिला वाटले, कारण कीबोर्ड बेसूर होईल असे कोणाच्या मनातही येत नाही. तिने श्रोत्यांकडे पाहून हात जोडले, हलक्या आवाजात "क्षमा करा" म्हटले आणि ती माझ्या चुकीच्या पट्टीत स्वतःला बसवू लागली. त्या क्षणी मी दोन्ही हात उचलले, तबलजींना डोळ्यांनी ठेका चालू ठेवायची खूण केली आणि एका आवर्तनात बटण शून्यावर आणले. कळ दाबलेली असताना ते बटण कधीही हलवू नये, नाहीतर वाजता स्वर अधांतरी लोंबकळू शकतो. मग मी फक्त षड्ज-पंचम धरून तिला तिचा सूर परत दिला. गाणे संपल्यावर निवेदकांकडून माइक मागून घेऊन मी एवढेच सांगितले की सुरुवातीचा चुकीचा सूर वाद्याचा होता, त्यांचा नव्हता.

एरवी मी वादकांना उलटेच सांगतो. एखादा कॉर्ड चुकला, धूनमधली एक जागा निसटली, तर चेहरा पाडू नका, जीभ चावू नका, मान हलवू नका; श्रोत्यांपैकी बहुतेकांना ते कळलेलेही नसते आणि साथीदाराची लय मात्र तुमच्या हावभावाने डगमगते. पण तुमची चूक दुसऱ्याच्या माथी बसत असेल, तर गप्प राहणे मला साफ नामंजूर आहे. तुमच्या बाबतीत श्रोत्यांनी गायकाकडे पाहिले असेल, कदाचित ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्यालाही बोल लागला असेल. त्या दोघांशी तुमचे बोलणे झाले आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते.

बदली वादकाची अडचण थोरामोठ्यांनाही चुकलेली नाही. पोर्तुगीज पियानोवादक मारिया जोआओ पिरेश आम्स्टरडॅममध्ये दुपारच्या एका मैफलीत दुसऱ्या कलाकाराऐवजी आल्या होत्या. रिकार्दो शायी यांच्या वाद्यवृंदाने मोत्सार्टची डी मायनरमधली रचना सुरू केली आणि त्यांनी तयारी केली होती वेगळ्याच रचनेची. पियानोचा प्रवेश होण्यापूर्वी वाद्यवृंदाचा दोन-अडीच मिनिटांचा भाग असतो. तेवढ्या वेळात त्यांनी स्वतःला सावरले आणि ती रचना आठवणीतून वाजवली. त्यांची स्मरणशक्ती आपल्याजवळ नसेल, पण ती दोन मिनिटे आपण मागून घेऊ शकतो: ठेकेवाल्याकडून एक आवर्तन, निवेदकाकडून चार वाक्ये. हे आधी ठरवून ठेवावे लागते. मी आता मंचावर बसण्यापूर्वी निवेदकांना सांगून ठेवतो की मी हात वर केला तर तुम्ही बोलायला लागा.

आता तुमच्या बिघाडाबद्दल. वर्णनावरून ॲडॅप्टरची पिन सैल होती किंवा कोणाचा तरी पाय वायरीत अडकला असावा. माझ्याही बाबतीत हे झाले आहे आणि त्यात आणखी एक भर पडली होती. वीज परत येताना माझा पाय घाबरून सस्टेन पेडलवर, म्हणजे कळ सोडल्यावरही स्वर लांबवणाऱ्या पेडलवर, दाबलेलाच होता. पुष्कळ कीबोर्ड चालू होताना पेडलची त्या वेळची स्थिती ही सुटलेली स्थिती समजतात, त्यामुळे पुढे सगळे उलटे झाले: पाय उचलला की स्वर एकमेकांत मिसळून चिखल व्हायचा आणि दाबला की कोरडे वाजायचे. मी ते गाणे पाय दाबून ठेवून कोरडेच वाजवले आणि निवेदन सुरू झाल्यावर पाय बाजूला घेऊन कीबोर्ड पुन्हा चालू केला. माझ्या वाद्याला जागे व्हायला पंधरा-वीस सेकंद लागतात आणि जागे झाल्यावर ते निवडलेला नाद (बासरी, व्हायोलिन असा आवाज) विसरून पहिल्याच नादावर येते, म्हणून त्या कार्यक्रमाचे सगळे नाद मी आता क्रमाने साठवून ठेवतो. ॲडॅप्टरची वायर स्टँडच्या पायाला एक वेढा देऊन बांधावी, म्हणजे झटका बसला तरी तो पिनेपर्यंत जात नाही. वीज जोडायचा बोर्डही स्वतःचा न्यावा.

मॉनिटर, म्हणजे वादकाला स्वतःचे वाजवणे ऐकू यावे म्हणून मंचावर ठेवलेला स्पीकर, बंद पडणे त्या मानाने सोपे, फक्त कानावर विसंबू नये. मागची भिंत १७ मीटरवर असेल, तर तिच्यावरून परतणारा स्वर सुमारे एक दशांश सेकंद उशिरा पोहोचतो, आणि त्याच्या मागे वाजवत गेले की लय ओढली जाते. अशा वेळी मी तबलजींच्या हाताकडे पाहत वाजवतो.

फोनची वाट पाहू नका, आजच तुम्ही करा. "त्या दिवशी वीजच नीट नव्हती" अशी सुरुवात करू नका. काय तुटले, तुम्ही काय बदलले आणि गायकांशी काय बोललात, एवढे सांगा. मानधन परत करण्याबद्दलही तुम्ही विचारले आहे. माझ्या मते उरलेला कार्यक्रम तुम्ही नीट वाजवला असेल, तर त्या कामाचा मोबदला तुमचाच आहे. तरीही त्या गाण्यापुरते कमी करायची तयारी दाखवावी आणि निर्णय त्यांच्यावर सोडावा. मी तसेच केले होते आणि मला पूर्ण मानधन मिळाले. गायिकेला मी दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून पुन्हा माफी मागितली, तेव्हा त्या फारसे बोलल्या नाहीत. पुढचे तीन आठवडे माझाही फोन शांत होता. मग त्यांचाच आला, तारीख विचारण्यासाठी, आणि ती जुळल्यावर त्या म्हणाल्या, "या वेळी यादीत प्रत्येक गाण्यापुढे पट्टी लिहून पाठवते."