ट्रू क्राइम पुस्तकातलं किती खरं मानायचं, आणि सोबत आणखी काय वाचायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: बडोद्यात राहता, एकाच ट्रू क्राइम लेखकाची चार पुस्तकं ओळीनं वाचलीत, आणि आता त्यातले संवाद, मारेकऱ्याच्या मनातले विचार खरे की रचलेले असा संशय येतोय. पुढे काय वाचावं?

संशय योग्य आहे. पाचवं पुस्तक तूर्त राहू द्या. त्याऐवजी एकच प्रकरण घ्या आणि त्यावरचं निरनिराळ्या जातीचं लिखाण वाचा. तुमच्या गावातच असं प्रकरण आहे: बडोद्याचे राजे मल्हारराव गायकवाड यांच्यावरचा, इंग्रज रेसिडेंटवर विषप्रयोग करवल्याच्या आरोपाचा १८७५ चा खटला.

९ नोव्हेंबर १८७४ ची सकाळ. रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर फिरून आले, रोजच्यासारखं पपनसाचं सरबत तयार होतं. दोन-तीन घोट घेतले, बरं वाटेना म्हणून उरलेलं बाहेर व्हरांड्यात फेकलं, आणि मग पेल्याच्या तळाशी काळपट गाळ दिसला. डॉ. सीवर्ड यांनी गाळ तपासला, पुढे मुंबईचे रासायनिक परीक्षक डॉ. ग्रे यांनीही. त्यात सोमल (आर्सेनिक) आणि चकाकणारे कण, म्हणजे हिऱ्याची पूड, आढळली. आता इथेच थांबा. सरबत फेकलं गेल्यामुळे पेल्यात मुळात किती विष होतं ते कायमचं हातचं गेलं. उरलेल्या गाळावरून मूळ मात्रा ठरत नाही. एखादा लेखक ‘जीवघेणा डोस’ असं बिनदिक्कत लिहीत असेल, तर हा आकडा आला कुठून, असं त्याला विचारायचं. हिऱ्याची पूड म्हणजे जहाल विष हा समजही जुना आहे. खरं विष सोमल. म्हणून लिखाणाची पहिली जात विषशास्त्राची, त्याचं एखादं साधं पुस्तक सोबत हवं. सोमल ओळखण्याची मार्श यांची चाचणी १८३६ पासून आहे, तेव्हा डॉक्टरांच्या हाती काय होतं ते त्यातून कळतं.

दुसरी जात कामकाजाच्या वृत्तांताची. चौकशी आयोगाचे अध्यक्ष सर रिचर्ड काउच होते. त्यांच्यासह तीन इंग्रज आणि तीन हिंदी सदस्य. हिंदी सदस्य म्हणजे ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव. काम २३ फेब्रुवारी १८७५ ला सुरू झालं. त्याचे छापील इंग्रजी वृत्तांत त्याच काळात निघाले. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत विचारा, स्कॅन प्रती इंटरनेटवरही शोधा. सलग वाचायला गेलात तर कंटाळाल. सरळ रेसिडेन्सीतल्या (रेसिडेंटच्या बंगल्यातल्या) शिपायांचा हवालदार रावजी याच्या उलटतपासणीकडे जा. हा माफीचा साक्षीदार. त्याच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडली, ती शोधली पोलीस अधिकारी अकबर अली यांनी, आणि तीही रावजीच्या कबुलीनंतर. बचावाचे वकील बॅलन्टाइन यांनी नेमकं याच पुडीवर बोट ठेवलं. पुडी कधी मिळाली, कोणासमोर मिळाली, आधीच्या झडतीत का मिळाली नाही, असे प्रश्न पडायला लागले की तुम्ही वाचक म्हणून एक पायरी वर गेलात.

बॅलन्टाइन यांनी १८८२ मध्ये आठवणी प्रसिद्ध केल्या, त्यात बडोदाही आहे. ही तिसरी जात, वकिलाच्या आठवणी. त्यात हरलेला मुद्दा लहान होतो आणि जिंकलेला मोठा, म्हणून वृत्तांत वाचल्यानंतरच ती उघडा. क्रम उलटा केलात तर वकिलाचं मत नकळत तुमचं होतं.

चौथी जात इतिहासाची, आणि माझ्या मते सगळ्यात गरजेची. आयोगात मतं तीन-तीन अशी विभागली. तरी एप्रिलमध्ये मल्हाररावांना पदच्युत केलं, पण कारण दिलं ते गैरकारभाराचं. मेमध्ये सयाजीराव दत्तक आले. नुसती गुन्ह्याची कथा वाचणाऱ्याला वाटतं, विषप्रयोग सिद्ध झाला म्हणून गादी गेली. तसं घडलं नाही.

एक वही करा. चार रकाने: घटना, सांगणारा कोण, केव्हा सांगितलं, सांगण्यात त्याचा फायदा काय. तीच वही तुमच्या आवडत्या लेखकाच्या पुस्तकाला लावा. दोघंच हजर होते आणि त्यातला एक मेला, अशा प्रसंगातले संवाद लाल पेन्सिलीनं अधोरेखित करा. दुसरा बोलला नसेल तर ते लेखकाचे. ट्रुमन कपोटी यांनी कॅन्सस राज्यातल्या खुनांवर १९६६ मध्ये इतकं गाजलेलं पुस्तक लिहिलं, पण त्यातला शेवटचा कबरस्तानातला प्रसंग रचलेला होता. गुन्हेगारानं स्वतः लिहिलेलंही वाचा. जोशी-अभ्यंकर हत्याकांडातला मुनव्वर शहा याचं ‘येस, आय अ‍ॅम गिल्टी’ मराठीतच आहे. वाचताना चौथा रकाना नीट भरा.

अलीकडचं भारतीय प्रकरण असेल तर निकालपत्र मिळवा. ई-कोर्ट्स संकेतस्थळावर सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाचा ओळख क्रमांक) टाकला की जिल्हा न्यायालयाचं प्रकरण दिसतं. निकालात प्रत्येक साक्षीदाराला क्रमांक असतो आणि कागदाला निशाणी. तुमच्याकडच्या गुजराती कागदांत तिला ‘आंक’ म्हणतात. सगळ्यात जास्त चूक होते ती इथे: लेखक आरोपपत्रावरून लिहितो आणि वाचक ते सिद्ध झालेलं धरतो. आरोपपत्र ही तपास यंत्रणेची बाजू. पोलिसांनी घेतलेला साक्षीदाराचा जबाब हा न्यायालयातली साक्ष नव्हे, आणि पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. तिच्यामुळे एखादी वस्तू सापडली, तर तेवढ्यापुरता भाग चालतो. ‘कोठडीत तो अखेर फुटला आणि सगळं ओकला’ अशा पानापाशी आलात की निकालपत्रात त्या कबुलीचं काय झालं ते शोधा.

सुरुवात मात्र रावजीपासूनच करा. पुडीचा भाग वाचून झाला की आयोगातल्या सहा जणांपैकी तुमचं मत कोणाच्या बाजूला जातं ते वहीत लिहा, आणि मगच बॅलन्टाइन उघडा.