सीताबर्डीला जाण्याआधी यादी तपास

भाऊ, नवा कॉम्प्युटर जोडायला सीताबर्डीच्या बाजारातून आणायच्या सामानाच्या तुझ्या यादीत रायझन ५ ९६००एक्स प्रोसेसर आणि डीडीआर४ रॅम एकत्र आहे. हे जुळणारच नाही. हा प्रोसेसर ज्यात बसतो त्या एएम५ सॉकेटच्या मदरबोर्डवर फक्त डीडीआर५ चालते. डीडीआर४ची खाचच वेगळ्या जागी असते, जोर लावलास तर स्लॉट तुटेल. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचं तसं नाही, त्यात दोन्ही प्रकारच्या रॅमचे बोर्ड मिळतात. म्हणून बोर्डाचं पूर्ण नाव वाचूनच पैसे दे.

एएम५चा बी६५० बोर्ड चांगलाच आहे, पण तो रायझन ९०००च्या आधी आलेला. दुकानात पडून असलेल्या बोर्डात जुना बायोस (बोर्ड सुरू करणारं सॉफ्टवेअर) निघाला तर पंखे फिरतील आणि स्क्रीन काळीच राहील. बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेलं मॉडेल घे. प्रोसेसर न लावताही पेन ड्राइव्हने अपडेट होतं.

बोर्डावर चार स्लॉट असतील तर रॅमच्या दोन पट्ट्या प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लाव.

९६००एक्ससोबत कूलर येत नाही (खिडकीतला नव्हे, प्रोसेसरवरचा). त्याची उंची आणि ग्राफिक्स कार्डची लांबी कॅबिनेटच्या मिलिमीटरच्या आकड्यांशी ताडून बघ. समोर काचेचं कॅबिनेट दिसतं झकास, पण मे महिन्यात इथे नागपुरात पारा ४५ गाठतो. समोर जाळीच हवी. आणि खिडकीतल्या कूलरचा ओला झोत कॅबिनेटवर नको.

जुन्या मॉड्युलर (सुट्या केबलच्या) पॉवर सप्लायच्या केबल नव्याला अजिबात लावू नकोस. प्लग बसतो, पण पिनांची मांडणी वेगळी असू शकते, मग एसएसडी जळते.