गुलमंडीवर कंटाळा कुठून येणार?

प्रिय सई,

परवा टोरांटोच्या केन्सिंग्टन मार्केटमध्ये हिंडताना तू विचारलंस, "आई, इथं जगभरचं खायला मिळतं, प्रत्येक गल्लीत वेगळं गाणं. तुमच्या गावी सगळं मराठीच. कंटाळा नाही यायचा?" गर्दीत नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

आपलं छत्रपती संभाजीनगर, माझ्या लहानपणचं औरंगाबाद, मोठं झालंच बाहेरून आलेल्यांच्या हातून. १६१० मध्ये खडकी गावी शहर वसवणारा मलिक अंबर मूळचा इथिओपियाचा, गुलाम म्हणून विकला गेलेला. त्याच्याही आधी, १३२७ मध्ये, तुघलकाने राजधानी दिल्लीहून शेजारच्या देवगिरीला हलवली. त्या लष्कराबरोबर नान-खलिया आला, असं सांगतात. मटणाचा तो रस्सा आणि तंदूरमधलं नान जुन्या शहरात खायचं, घरी ज्वारीची भाकरी, येसर आमटी, धपाटे. आम्हाला दोन्ही आपलंच. आणि जुन्या शहरातल्या गुलमंडीच्या बाजारातली इमरती! ती गरमच खायची, घरी बांधून आणायची नाही.

गाण्याचं तर विचारूच नकोस. फाल्गुनात नाथषष्ठीला पैठणला दिंड्या येतात, टाळ-मृदंगाने गाव भरून जातं. ज्यांच्यासाठी येतात त्या एकनाथांनी हिंदू-तुर्क संवाद लिहिला. दोघं कडाकडा भांडतात आणि शेवटी एकमेकांना भेटतात. खुलताबादच्या उरुसात कव्वाली चालते. एप्रिलमध्ये बाबासाहेबांच्या जयंतीला वस्त्यावस्त्यांतून भीमगीतं ऐकू येतात. बाबासाहेबांनी १९५० मध्ये इथं मिलिंद महाविद्यालय काढलं, त्यामुळे या शहरात त्या गाण्यांना वेगळाच जोर. नीट कान दे, कितीतरी भीमगीतांत टाळी आणि ठेका कव्वालीचा असतो. एका मोहल्ल्यातलं गाणं दुसऱ्या वस्तीत असं मुरतं. हे सगळं वगळून उरेल ते मराठी, असं कधी समजू नकोस गं. मला ते फार लागतं.

खरेदीला आजीबरोबरच जा. हिमरू म्हणजे सूत आणि रेशीम एकत्र विणलेलं कापड, शाल घेशील तर तीच घे. पैठणी मात्र पैठणला, मागावर विणताना बघून मग घ्यायची. पदर उलटा करून पाहा. हातमागाची असेल तर नक्षी मागूनही तितकीच स्वच्छ दिसते, मागे धागे लोंबत असतील तर समजावं की यंत्रावरची आहे. भाव करायचं काम आजीवर सोड, तू मधे बोलू नकोस. तुझं मराठी ऐकलं की दुकानदार लगेच ओळखतील की पोरगी परदेशातून आलीय.

दिवाळीत जाशील तेव्हा मामाला आधीच सांगून ठेवते, वेरूळला एक अख्खा दिवस द्यायला. बौद्ध, हिंदू, जैन मिळून चौतीस लेणी एकाच डोंगरात आहेत. घाईत फक्त कैलास दाखवून परत आणू देऊ नकोस.

तुझी,
आई