ऑनलाइन मुलाखतीआधी हेडसेटचा माईक कसा तपासावा? मला सगळं ऐकू येतं, पण माझा आवाज समोर नीट जात नाही

तुम्ही लिहिलंय की परवा सकाळी मुलाखत आहे, गोल पिनचा नवा हेडसेट विंडोज लॅपटॉपला लावलाय, कानात सगळं स्वच्छ ऐकू येतं, पण मैत्रिणीला कॉल करून पाहिला तर तिला तुमचा आवाज ‘लांबून, बारीक’ येत होता. या ‘लांबून’ शब्दातच बरंच उत्तर आहे. आवाज अजिबात गेला नसता तर गोष्ट वेगळी होती. लांबून जातोय म्हणजे कुठला तरी माईक चालू आहे, फक्त तो तुमच्या तोंडासमोरचा नाही. बहुतेक लॅपटॉपचा स्वतःचा माईक तुमचं बोलणं उचलतोय.

मी नाशिकहून ऑनलाइन मराठी शिकवते. विद्यार्थी म्हणजे परदेशात वाढणारी मराठी मुलं, त्यामुळे रोज चार-पाच तास हेडसेट डोक्यावर असतो. सुरुवातीला माझंही अगदी हेच झालं. एका मुलीची आई म्हणाली, “ताई, तुमचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो.” मी नेटचा प्लॅन बदलला, राउटर खोलीत आणला, दुसरा महागातला हेडसेटही घेतला. दोन आठवडे गेले. शेवटी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एका मुलाने दहा सेकंदांत दोष दाखवला, तोही नखाने.

ती युक्ती आधी करा. विंडोज ११ असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड असं जा आणि खाली इनपुटमध्ये पाहा. तिथे माईकची यादी असते आणि आवाजाबरोबर हलणारी एक पट्टी असते. आता गप्प बसून हेडसेटच्या माईकवर, त्या छोट्या स्पंजवर, नखाने हलकेच खरवडा. पट्टी झपकन पुढे गेली तर तोच माईक चालू आहे. जेमतेम हलली तर लॅपटॉपच्या कॅमेऱ्याशेजारी बारीक छिद्रं असतात तिथे खरवडा. काही लॅपटॉपना ती कीबोर्डच्या आसपास असतात. तिथे पट्टीने उडी मारली की चोर सापडला. ‘हॅलो, हॅलो’ म्हणून हे कळत नाही, कारण बोलणं दोन्ही माईकना ऐकू जातं आणि पट्टी दोन्ही वेळा हलते. माझे दोन आठवडे त्या हॅलोमुळेच वाया गेले. आणि माईकवर फुंकर मारू नका. वाफेचा ओलावा आत जातो आणि कळत काहीच नाही.

लॅपटॉपचाच माईक निघाला तर त्याच यादीत हेडसेटचा माईक दिसतो का पाहा. दिसला तर निवडा, काम झालं. नाही दिसला तर पिन हातात घ्या. ३.५ मिलीमीटरच्या त्या पिनवर काळ्या रेषा मोजा. तीन रेषा म्हणजे पिनेचे चार भाग: डावा कान, उजवा कान, सगळ्यांची सामाईक परतीची जोडणी (ग्राउंड) आणि माईक. दोनच रेषा असतील तर त्या पिनेत माईकला जागाच नाही; हेडसेटला माईकची वेगळी दुसरी पिन असेल, ती लावायची राहिली असेल. आता लॅपटॉपकडे पाहा. गोल भोक एकच असेल आणि त्याशेजारी माईकसकट हेडफोनचं चित्र असेल तर तीन रेषांची पिन तिथे चालते. जुन्या लॅपटॉपना आणि बहुतेक डेस्कटॉपना दोन भोकं असतात, एक ऐकण्याचं आणि एक माईकचं. डेस्कटॉपवर ती सहसा हिरवी आणि गुलाबी असतात. तीन रेषांची पिन नुसत्या ऐकण्याच्या भोकात घातली की कानात सगळं मस्त ऐकू येतं आणि माईक मात्र कुठेच जोडलेला नसतो. तुमची तक्रार अगदी अशीच आहे. यावर उपाय एका पिनेच्या दोन करणारा स्प्लिटर. मोबाईल अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात मिळतो. घेताना ‘हेडफोन आणि माईक वेगळा करणारा’ असं स्पष्ट सांगा, कारण दोन जणांना एकत्र गाणी ऐकता यावीत म्हणून मिळणारा स्प्लिटर दिसायला तसाच असतो आणि इथे उपयोगाचा नाही.

आणखी एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. काही लॅपटॉपवर पिन घातल्याबरोबर कोपऱ्यात एक छोटी खिडकी येते आणि तुम्ही काय जोडलंय ते विचारते. घाईत माणूस ‘हेडफोन’वर क्लिक करतो किंवा खिडकी बंद करतो, आणि मग लॅपटॉप माईककडे लक्षच देत नाही. पिन काढून पुन्हा घाला आणि या वेळी ‘हेडसेट’ निवडा. पिन पूर्ण आत, टक्‌ असा आवाज येईपर्यंत ढकला; फोनला जाड कव्हर असलं की पिन अर्धवट बसते, तसं लॅपटॉपच्या स्किनमुळेही होऊ शकतं.

हेडसेटच बिघडलेला असण्याची शंका असेल तर गोल भोकाच्या कुठल्याही मोबाईलला लावा, रेकॉर्डर चालू करा आणि एकदा हेडसेटच्या माईकवर व एकदा फोनच्या खालच्या कडेला नखाने खरवडून ऐका. हेडसेटची खरखर जोरात आली तर हेडसेट ठणठणीत आहे. वायरवरचं म्यूटचं बटण मात्र आधी बघा. वायर शर्टाला घासून ते सरकतं.

परवानगीचं थोडक्यात सांगते. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली मायक्रोफोन हे पान आहे. तिथे अ‍ॅप्सना आणि डेस्कटॉप अ‍ॅप्सना माईक वापरू देणारी दोन्ही बटणं चालू हवीत. मुलाखत ब्राउझरमधून असेल तर पत्त्याच्या पट्टीच्या डाव्या टोकाला त्या साइटची माईकची परवानगी दिसते. शिवाय झूम, मीट, टीम्स या प्रत्येकाची माईकची निवड स्वतंत्र असते. विंडोजमध्ये हेडसेट निवडला तरी झूममध्ये जुनाच माईक राहू शकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माईक चालतो एवढ्यावर थांबू नका, स्वतःचा आवाज ऐका. झूमच्या ऑडिओ सेटिंग्जमध्ये टेस्ट माईक दाबलं की तुमचं बोलणं रेकॉर्ड होऊन परत ऐकवलं जातं. टीम्समध्ये डिव्हायसेसखाली टेस्ट कॉल आहे. ज्या अ‍ॅपवर मुलाखत आहे त्यातच करा. बोलायला मी दोन गोष्टी ठेवल्यात. पहिली, ‘भाऊसाहेब फाटकापाशी भेटले’. आपल्या भ, फ, प मध्ये तोंडातून हवेचा झोत सुटतो. माईक थेट ओठांसमोर असेल तर प्रत्येक भ ला ‘धप्प’ ऐकू येतं. मग माईकची दांडी ओठांच्या कोपऱ्याकडे, गालापासून दोन बोटं लांब वळवा. माझ्याकडे एवढ्यानेच धप्प पूर्ण गेलं. दुसरी, ‘सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट’ आणि ‘एकोणसाठ, एकोणसत्तर’. हे आकडे ऐकताना वेगवेगळे कळले तर आवाज स्पष्ट आहे. सगळं घोळून एकच झालं तर इनपुटचा आवाज फार वाढवलेला आहे. थोडा कमी करा.

रेकॉर्डिंगमध्ये सतत ‘घूंऽऽ’ ऐकू येत असेल तर चार्जर काढून पाहा. माझ्या मावशीच्या जुन्या घरात दोन पिनांच्या सॉकेटमध्ये लॅपटॉप लावला की हा घूं यायचा, आणि लॅपटॉपच्या पत्र्याला मनगट टेकलं की बारीक झिणझिण्या. अर्थिंग नव्हतं, आपल्याकडची ५० हर्ट्‌झची वीज माईकमध्ये शिरत होती. मुलाखतीआधी बॅटरी पूर्ण भरा आणि त्या वेळात चार्जर काढून ठेवा, किंवा अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटला लावा.

ब्लूटूथ हेडसेट उसना आणायचा विचार असेल तर आणू नका. गाणी ऐकताना ब्लूटूथ एकाच दिशेने भरपूर आवाज पाठवतं, पण माईक सुरू झाला की बहुतेक हेडसेट दुसऱ्या पद्धतीवर जातात आणि दोन्हीकडचा आवाज जुन्या लँडलाइनसारखा दबका होतो. त्यापेक्षा युएसबी पिनचा हेडसेट आणा. त्याचं साउंड कार्ड, म्हणजे आवाज हाताळणारा भाग, त्याच्यातच असतो, त्यामुळे गोल भोकाचा प्रश्नच मिटतो, आणि यादीत तो स्वतःच्या नावाने वेगळा दिसतो.

आवाजातला गोंगाट गाळणारी सोय मुलाखतीला चालूच ठेवा, पंखा आणि रस्ता त्यात बराच दबतो. गाण्याच्या क्लासला मात्र ती बंद करावी लागते. माझी एक मैत्रीण ऑनलाइन गाणं शिकवते. तिच्या तानपुऱ्याचा एकसारखा सूर अ‍ॅपला पंख्यासारखाच वाटायचा आणि मुलांना तो ऐकूच जायचा नाही.

हे सगळं उद्या संध्याकाळी उरका. परवा मुलाखतीच्या पंधरा मिनिटं आधी फक्त नखाची परीक्षा पुन्हा करा, कारण पिन काढून घातली किंवा लॅपटॉप रीस्टार्ट झाला की विंडोज कधी कधी आपल्या मनाने दुसराच माईक निवडतं. माईक वापरणारी इतर अ‍ॅप्स बंद ठेवा आणि फोनवर तेच मीटिंगचं अ‍ॅप उघडून तयार ठेवा.

पिनवर किती काळ्या रेषा आहेत आणि लॅपटॉपला गोल भोकं किती, एवढं मला खाली लिहा. स्प्लिटर लागणार असेल तर उद्या दुकान उघडल्याबरोबर आणता येईल.