कनेक्टिंग रॉडचे बोल्ट कसताना

कनेक्टिंग रॉड म्हणजे इंजिनात पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा. त्याचे बोल्ट कसताना टॉर्क रेंच (लावलेल्या टॉर्कला, म्हणजे पिळाच्या जोराला, आवाज करणारा पाना) 'टक्' वाजला म्हणजे बोल्ट बरोबर कसला गेला, असं धरून चालू नकोस. आपण लावतो त्यातला साधारण 90 टक्के जोर घर्षणातच जातो. बोल्ट ताणायला उरतो जेमतेम 10 टक्के. आटे कोरडे किंवा मळकट असले तर आकडा तोच दिसतो, पण बोल्ट कमी ताणलेला राहतो. म्हणून मॅन्युअलमध्ये सांगितलंय तेच ऑइल आट्यांना आणि बोल्टच्या डोक्याखाली लाव.

दोन्ही टोकांना बारीक खळगी असलेले बोल्ट मिळाले तर लांबीच मोज, माझा सगळ्यात जास्त विश्वास त्यावर आहे. मायक्रोमीटरची टोकं त्या खळग्यांत बसवून मोकळ्या बोल्टची लांबी घे, वहीत नंबरासकट लिही, मग थोडं कसत परत मोज. वाढ बऱ्याचदा 0.15 मिलिमीटरच्या आसपास असते. नेमका आकडा बोल्ट बनवणाऱ्याचाच घे. सोडल्यावर बोल्ट मूळ लांबीवर आला नाही तर टाकून दे, जीव तुटला तरी.

ठरलेल्या टॉर्कपर्यंत कसल्यानंतर बोल्ट आणखी 90 अंश फिरवायला सांगितलं असेल तर अँगल गेज लाव, नजरेवर जाऊ नकोस. असे बोल्ट बहुतेक वेळा एकदाच वापरायचे असतात. आणि कसण्याआधी कॅपवरचा (या बोल्टांनी रॉडला जोडला जातो त्या अर्धगोल तुकड्यावरचा) नंबर रॉडच्या नंबराशी जुळतोय ना, ते बघ.