वाचकांचे प्रश्न : बांगड्या ड्रॉवरमध्ये ठेवा

प्रश्न : मुलीला एम.एस्सी. फिजिक्सला दोन ठिकाणी प्रवेश मिळतो आहे. एका विभागाच्या माहितीपत्रकात 'लेसर-प्लाझ्मा व स्पेक्ट्रोस्कोपी प्रयोगशाळा' असं ठळक छापलंय, दुसरीकडे तसलं काही नाही. ताई, तिथं नेमकं करतात काय? आणि डोळे जातात म्हणतात, ते खरं का?
— एक पालक, ऐरोली

उत्तर : आधी डोळ्यांचं सांगते, तुमचा जीव तिथंच अडकला असणार. धोका आहे. अशा लॅबमधल्या एनडी-याग जातीच्या लेसरचा १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा झोत दिसत नाही, पण डोळ्यातलं भिंग तो नेमका पडद्यावर गोळा करतं. पल्स, म्हणजे उजेडाचा एक ठोका, काही नॅनोसेकंदांची, पापणी मिटायला वेळच नाही. म्हणून गॉगल, आणि तोही त्याच तरंगलांबीचा. काचेच्या कडेला आकडे कोरलेले असतात ते वाचायचे. ओडी म्हणजे काच उजेड किती अडवते त्याचा आकडा; ओडी ६ असेल तर दहा लाखांतला एकच भाग आत येतो. रंग गडद आहे म्हणून कुठलाही उचलला, असं चालत नाही.

मी एका विद्यापीठाच्या लॅबमध्ये तंत्रसहाय्यक म्हणून २८ वर्षं काढली. सकाळी नौपाड्याहून निघायचं आणि दारात पोचल्यावर आधी बांगड्या, अंगठी, घड्याळ ड्रॉवरमध्ये. नवी मुलं हसायची. एकदा एकाने घड्याळ न काढताच टेबलावर हात आडवा घातला. स्टीलच्या पट्ट्यावरून झोत उसळला आणि मागच्या काळ्या पुठ्ठ्यावर जळका ठिपका उमटला, बरोबर माझ्या खांद्याच्या उंचीवर. त्यावर तारीख घालून तो पुठ्ठा मी दाराला चिकटवला. हसणं थांबलं.

आता काम काय ते. भिंगातून पल्स तांब्याच्या पट्टीवर एकवटली की 'टक्' होतं, दिवाळीत टिकली हातोडीने फोडावी तसं. खसखशीपेक्षा लहान खड्डा पडतो आणि तिथल्या धातूची वाफ होऊन अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटतात. हाच प्लाझ्मा. त्याचं तापमान दहा हजार अंशांच्या आसपास, कधी त्याहून वर. सूर्याचा पृष्ठभाग साधारण साडेपाच हजार अंश सेल्सिअस. पहिल्या क्षणी नुसता पांढरा उजेड असतो, सगळे एकदम बोलत असल्यासारखा. कॅमेऱ्याचं दार साधारण एक मायक्रोसेकंद उशिरा उघडायचं, मग गोंगाट ओसरतो आणि उजेड रंगांत फोडून बघितला (हीच स्पेक्ट्रोस्कोपी) की एकेका मूलद्रव्याचा आवाज, म्हणजे त्याच्या ठरलेल्या रंगांच्या रेषा, कळतो : तांब्याच्या ५१०.६, ५१५.३ आणि ५२१.८ नॅनोमीटरच्या हिरव्या रेषा. रेषांच्या तेजाच्या प्रमाणावरून तापमान काढतात. किती अणू आयनीभूत झाले, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावून बसले, याचा हिशेब भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या १९२०च्या समीकरणाने होतो.

आणि एक जोडी न बोलावता हजर : ५८९.० आणि ५८९.६, सोडियमची. तांब्याच्या पट्टीत सोडियम कुठून? बोटांच्या घामातून. कुणी पट्टी हातमोज्याशिवाय उचलली ते मी ग्राफ बघून सांगायचे.

राहिलं माहितीपत्रक. त्यात मशीनचा फोटो असतो, हवेतला दमटपणा नसतो. प्रवेश भर पावसात होतात ते बरंच आहे. मुलीला घेऊन लॅब बघूनच या. डीह्युमिडिफायर चालू आहे का? इन्फ्रारेडसाठी पोटॅशियम ब्रोमाइडच्या चकत्या करतात, त्या आपल्या जुलैत बघता बघता दुधाळ होतात. भिंगांवर बुरशीची जाळी धरते. लेसरच्या थंडाव्याचं पाणी शेवटचं कधी बदललं, विचारा. लॉगबुक मागा. शेवटची नोंद मागच्या वर्षीची असेल तर ते मशीन फोटोपुरतंच आहे. आणि तंत्रसहाय्यकाची जागा भरलेली आहे का, हे तर विचाराच. (माझ्या निवृत्तीनंतर माझी खुर्ची बरेच दिवस रिकामी होती, म्हणून जरा चिडून लिहिते आहे.)

दुसऱ्या ठिकाणी मशीन नाही म्हणून नाक मुरडू नका. मार्गदर्शक धडपड्या असेल तर पवईच्या आयआयटीतल्या 'सैफ' या उपकरण केंद्रामध्ये शुल्क भरून नमुने तपासून मिळतात. आय-स्टेम या सरकारी पोर्टलवर देशभरातली उपकरणं शोधता येतात. खाडीपलीकडे ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, पण तिथं सहज डोकावता येत नाही. डोना स्ट्रिकलंड यांना २०१८चं भौतिकशास्त्राचं नोबेल लेसरवरच्या ज्या कामासाठी मिळालं, ते १९८५चं; तेव्हा त्या विद्यार्थिनीच होत्या. मला विचाराल तर मी माणूस बघून ठरवीन.

प्रश्न : सुट्या हळदीत शिसं असतं असं वाचलं. ओळखीने एखाद्या कॉलेजच्या लेसरवर तपासून घेता येईल का?
— एक गृहिणी, कोपरखैरणे

उत्तर : रंग खुलावा म्हणून काही जण लेड क्रोमेट, म्हणजे शिसं आणि क्रोमियम असलेला पिवळा रंग, मिसळतात, ते खरं आहे. हळदीची दाबून वडी केली, तिच्यावर लेसर मारला आणि शिशाची ४०५.८ व क्रोमियमची ४२५.४ अशा दोन्ही रेषा उमटल्या, तर संशय घट्ट होतो. उमटल्या नाहीत तर मात्र निर्धास्त होऊ नका. अगदी थोडं शिसं या पद्धतीतून निसटतं. शिवाय तो निकाल घेऊन तक्रार करायला गेलात तर कुणी दाद देणार नाही. एनएबीएल या प्रयोगशाळा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या लॅबमध्ये नमुना द्या. मी स्वतः हळकुंडं आणून दळून घेते.

प्रश्न : हेलियमचा शोध आपल्या विजयदुर्गावर लागला ना?
— एक वाचक, ठाणे पूर्व

उत्तर : ऐकायला गोड वाटतं, पण नाही. हेलियमची ओळख सूर्याच्या उजेडातल्या एका पिवळ्या रेषेवरून पटली. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास ग्रहणाला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनी ती पिवळी रेषा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून पाहिली. विजयदुर्गला लॉकियर आले २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणाला. दोन ग्रहणांची सरमिसळ झाली आहे. रेषा ५८७.६ नॅनोमीटरची, म्हणजे आमच्या त्या घामाच्या जोडीच्या अगदी शेजारची. आधी ती सोडियमचीच वाटणं साहजिक होतं.